यात कूट आहे का?

आमच्या घरात शेंगदाणा बंद आहे. भाची चार वर्षांची असताना लोणावळ्याहून येताना चिक्कीचा एक तुकडा तिनं खाल्ला, आणि गाडी एक्स्प्रेसवेवर असतानाच तिचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या. आता ती दहा वर्षांची आहे. वहिनीच्या पर्समध्ये औषधांचा डबा असतो, साबुदाण्याची खिचडी ओल्या नारळावर होते आणि बाबा दर एकादशीला त्या खिचडीकडे बघून एक उसासा टाकतात. नातीपुढे बोलत मात्र नाहीत.

तर बाबांची पंचाहत्तरी. गेल्या नोव्हेंबरातली, म्हणजे २०२५ मधली. घरी करायची म्हटली तर आईचे गुडघे, वहिनीचे पेपर तपासणं, माझी बँक. म्हणून दादानं पुण्यातल्या एका बऱ्यापैकी नावाजलेल्या हॉटेलात सात जणांचं टेबल सांगून ठेवलं. शुद्ध शाकाहारी, मराठी जेवण, पितळी वाट्या, भिंतीवर वारली चित्रं. नाव लिहीत नाही. का ते पुढे येईलच.

बसल्याबसल्या वेटरनं नेहमीचा प्रश्न केला, "पाणी बिसलेरी की साधं?" बाबा म्हणाले साधं, दादा म्हणाला बाटली. मेनूकार्ड आलं. बाबांना भरली वांगी हवी होती. पंचाहत्तरीच्या दिवशी माणसाला वांगं नाही म्हणायचं कसं? मराठी हॉटेलात भरल्या वांग्यात दाण्याचं कूट असणार हे आम्हाला कोणी शिकवायला नको. तरी मी विचारलं, कारण त्यात कूट नसेल तर भाचीलाही खाता आलं असतं आणि तिला वांगी फार आवडतात. वेटर विशीतला पोरगा होता. मी म्हणाले, "यात शेंगदाणे आहेत का? हिला चालत नाहीत, त्रास होतो." तो म्हणाला, "विचारून सांगतो मॅडम." गेला आणि अर्ध्या मिनिटात परत आला. "नाही मॅडम, काजू-मगजची ग्रेव्ही आहे." मगज म्हणजे कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया.

अर्ध्या मिनिटात कोणी आत भटारखान्यात जाऊन आचाऱ्याला विचारून परत येत नाही, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. काजू-मगज हा शब्द इतका ठाम होता की मी निर्धास्त झाले.

वहिनीचा एक नियम आहे. बाहेर जेवताना पानात काहीही आलं की आधी मोठ्यांनी चाखायचं. वांगी आली, वर कोथिंबीर, बाजूनं तेलाचा तवंग. मी भाकरीचा तुकडा रश्शात बुडवून तोंडात टाकला. कूट लपत नाही. मगज जिभेवर गुळगुळीत लागतो, काजू गोडसर. कूट दाताखाली रवाळ येतं आणि घास गिळल्यावर मागून भाजल्याचा वास येतो. मी लहानपणापासून खलबत्त्यात दाणे कुटलेत, मला तो वास झोपेतही कळेल. समोर भाचीनं भाकरी मोडली होती आणि तिचा हात वाटीकडे निघाला होता. मी वाटी इतक्या जोरात ओढली की अर्धा रस्सा टेबलक्लॉथवर. बाबांच्या झब्ब्यावरही.

काही झालं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणाचा जीव टांगणीला लागायला नको. पोरीनं एक घासही खाल्ला नाही. वहिनीनं मात्र पर्समधला डबा टेबलावर काढून ठेवला आणि जेवण संपेपर्यंत तो तिथंच होता.

मॅनेजर आले. कोट, गळ्यात आयकार्ड. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "थोडंसंच असतं मॅडम, वाटणात." दुसरं, "दुसरी भाजी देऊ का? पनीर?" आता मागे वळून बघते तर हे दुसरं वाक्य रास्त होतं. पण पहिल्यानंतर ते ऐकून घ्यायची कोणाची मनःस्थिती नव्हती, आणि आता कुठल्या ग्रेव्हीवर विश्वास ठेवायचा? भाचीनं दहीभात खाल्ला. शेवटी बाबांसाठी गुलाबजामची वाटी आली, एका गुलाबजामात पेटती मेणबत्ती खोचलेली. "कॉम्प्लिमेंटरी," वेटर म्हणाला. मेणबत्ती पाकात हळूहळू कलत होती. आम्ही टाळ्या वाजवल्या.

मग बिल आलं. जेवण ३,८४० रुपये, त्यात ती वांगी ३१० ला लावलेलीच. खाली 'सेवा शुल्क १०%' म्हणून ३८४. मग ४,२२४ वर सीजीएसटी अडीच टक्के, एसजीएसटी अडीच टक्के, प्रत्येकी १०५ रुपये ६० पैसे. एकूण ४,४३५. म्हणजे सेवा शुल्कावरही जीएसटी.

आणि इथं मी फुटले. वांग्यावरून नाही, सेवा शुल्कावरून. याचं मला आजही नवल वाटतं. भांडण्यासारखी गोष्ट तासापूर्वी घडली होती, तेव्हा माझा आवाजही चढला नव्हता. पण ते ३८४ रुपये डोळ्यांसमोर छापील आकड्यात होते. कसली सेवा, कुठली सेवा, पोर मरता मरता वाचली (असं काही झालं नव्हतं), तुमचं लायसन, तुमची वारली चित्रं, सगळं काढलं. शेजारच्या टेबलावरचं कुटुंब पोळी हातात धरून थांबलं. आई टेबलाखालून माझा हात दाबत होती. बाबा हळूच म्हणाले, "बस कर गं. घरी जाऊन पिठलं टाकू."

मॅनेजर शांत होते. "मेनूकार्डावर खाली लिहिलंय मॅडम. आणि कोर्टाचा स्टे आहे, आम्ही घेऊ शकतो." मला स्टेबिस्टेचं काही माहीत नव्हतं. नवऱ्यानं यूपीआयनं पैसे भरले, मी बिलावर पेनानं 'सेवा शुल्क मान्य नाही, वांग्यात दाणे' असं लिहिलं, फोटो काढला आणि आम्ही निघालो. ते लिहिणं एवढीच त्या रात्रीची शहाणपणाची गोष्ट.

मी बँकेत काउंटरवर बसते. दिवसाला पाच-सहा तक्रारी तरी माझ्यापुढे येतात, आणि कुठल्या तक्रारीचं काम होतं, कुठलीचं होत नाही हे मला बऱ्यापैकी कळतं. ज्याच्या हातात तारीख, रक्कम आणि कागद असतो त्याचं काम संध्याकाळपर्यंत होतं. जो 'तुमची बँकच चोर आहे' इथून सुरू करतो त्याला मी पाणी देते आणि बसवून ठेवते. तरी त्या रात्री घरी येऊन हॉटेलला जो ईमेल लिहिला तो पाचशे शब्दांचा होता. त्यात मानसिक धक्का होता, तीन पिढ्यांचा अपमान होता, मराठी संस्कृतीही कुठूनतरी आली होती. नवऱ्यानं तो वाचला आणि विचारलं, "तुला नक्की हवंय काय?"

हाच प्रश्न मी काउंटरवर रोज लोकांना विचारते.

झोपलेच नाही, वाचत बसले. तेव्हा कळलं की मॅनेजर म्हणाले तो स्टे खराच होता, पण शिळा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला नियमावली काढली: बिलात सेवा शुल्क आपोआप लावायचं नाही, दुसऱ्या नावानंही लावायचं नाही, ते ऐच्छिक आहे हे गिऱ्हाइकाला सांगायचं, आणि ते जेवणाच्या रकमेत मिळवून त्यावर जीएसटी घ्यायचा नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि त्याच महिन्याच्या २० तारखेला स्थगिती मिळाली. ती पावणेतीन वर्षं टिकली. मग २८ मार्च २०२५ ला न्यायालयानं संघटनांच्या याचिका फेटाळल्या आणि नियमावली उचलून धरली. संघटनांनी पुढे अपील केलंय, पण आमच्या जेवणाच्या दिवशी कार्डावर छापलंय म्हणून हे शुल्क सक्तीनं घेता येईल अशी स्थिती नव्हती. जीएसटी हा कर आहे, तो द्यावाच लागतो. सेवा शुल्क हा कर नाही, ते हॉटेलच्याच खिशात जातं. टीप द्यायची तर मी माझ्या हातानं, मला वाटेल तेवढी देईन.

दादाला मात्र उलटा धडा मिळाला. वीस रुपये छापलेल्या पाण्याच्या बाटलीचे चाळीस लावले म्हणून तो रात्रभर ग्रुपवर पेटला होता. छापील किमतीपेक्षा जास्त म्हणजे गुन्हाच, वगैरे. पण सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलंय की हॉटेलात बसून प्यायलेलं पाणी ही दुकानातल्यासारखी निव्वळ विक्री नाही; तिथं खुर्ची आहे, पेला आहे, वाढणारा माणूस आहे, तेव्हा हॉटेल एमआरपीच्या वर पैसे घेऊ शकतं. मी दादाला हे पाठवलं. त्यानं अंगठा टाकला, बाकी काही नाही. साधं पाणी फुकट मिळत होतंच, बाबा तेच प्यायले.

सकाळी ईमेल नव्यानं लिहिला. तारीख, टेबल नंबर, बिल नंबर. सेवा शुल्क ३८४ आणि त्यावरचा जीएसटी १९ रुपये २० पैसे परत करा. वांगी ३१० आणि त्यावरचा जीएसटी साडेपंधरा रुपये परत करा, कारण सांगितलेला पदार्थ दिलेला नाही. एकूण ७२८ रुपये ७० पैसे. शेवटी एक प्रश्न: शेंगदाणे नाहीत हे तुमच्याकडे नक्की कोणी सांगितलं?

सहा दिवसांनी उत्तर आलं. 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मौल्यवान आहे. पुन्हा सेवेची संधी द्यावी.' माझ्या नावाच्या जागी 'सर' होतं.

दादाचं म्हणणं, थेट ग्राहक आयोगात जाऊ. जाता येतं, तेही वाचून ठेवलं होतं: पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी नाही, वकील लागत नाही, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि दोन वर्षांची मुदत असते. पण सातशे अठ्ठावीस रुपयांसाठी तारखा, आणि माझ्या किती रजा जातील याचा हिशोब केला. त्याआधीची पायरी म्हणून १९१५ ला फोन केला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठी निवडता येतं. थोडा वेळ संगीत ऐकलं, मग एक बाई आल्या आणि त्यांनी सरळ माझ्या काउंटरवरचे प्रश्न विचारले: हॉटेलचं नाव-पत्ता, तारीख, रक्कम, त्यांना कळवलं होतं का, काय उत्तर आलं, तुम्हाला काय हवंय. सेवा शुल्काचं त्यांनी चटकन टिपून घेतलं. त्यांच्या आवाजावरून असे फोन रोजचे असावेत. दाण्याचं सांगितलं तेव्हा जरा थांबल्या. "लिहून घेते मॅडम. पण रिफंड किती हवा तेवढं सांगा." बिलाचा फोटो टाकायला सांगितला, मेसेजवर तक्रारीचा क्रमांक आला. हेल्पलाइन म्हणजे न्यायालय नव्हे, तिचा हुकूम कोणावर चालत नाही. ती तक्रार समोरच्याकडे सरकारी कागदावरून पोचवते आणि उत्तर मागते. माझं पत्र जिथं 'सर' होऊन परत आलं होतं तिथं एवढंच पुरलं.

मधल्या काळात ऑफिसातला एकजण म्हणाला, अन्न व औषध प्रशासनाकडे टाक, बिलावर चौदा आकडी परवाना नंबर असतो. होता, बिलाच्या अगदी वर. झुरळ निघालं असतं, भाजी आंबलेली असती तर टाकलंही असतं. पण दाण्याच्या कुटात भेसळ कसली? ते उत्तम कूट होतं. बाबांनी तर ती वांगी आवडीनं संपवली.

नऊ दिवसांनी मालकांचा फोन. "या की ताई, चहा घेऊ." मी दुपारी चारला गेले. हॉटेलची ही वेळ मी कधी पाहिली नव्हती. खुर्च्या टेबलांवर उलट्या, फरशी पुसणं चाललेलं, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर वेटर जेवत होते, वरण-भात आणि एक कोरडी भाजी. मालक साठीचे, साधा बुशशर्ट, कपाळाला गंध. त्यांनी आधी माझ्यापुढेच सातशे तीस रुपये यूपीआय केले. मी म्हणाले एक रुपया तीस पैसे जास्त आले. ते हसले नाहीत.

मग त्यांनी त्या रात्रीचा केओटी काढला. ऑर्डर घेतली की वेटर यंत्रात टाकतो आणि आत छापील चिठ्ठी जाते, ती ही केओटी. आमच्या टेबलाच्या चिठ्ठीवर होतं: भरली वांगी १, तिखट कमी. दाण्यांचा शब्दही नाही. "आत कोणाला माहीतच नव्हतं," मालक म्हणाले. "आणि माहीत असतं तरी काय? चला."

भटारखान्यात एका कट्ट्यावर तीन मोठी पातेली झाकून ठेवलेली. त्यांनी झाकणं उचलली. लाल, पिवळी, पांढरी. पिवळं आणि पांढरं काजू-मगजचं, पनीर-कोफ्त्याला जातं ते. लाल मराठी भाज्यांचं: कांदा, खोबरं, तीळ आणि कूट. सकाळी दहाच्या आत वाटून होतं, रात्रीपर्यंत पुरतं. वांगीही दुपारीच शिजवलेली, ऑर्डर आली की दोन मिनिटं परतून वाटीत. "लोक म्हणतात कांदा काढून द्या, लसूण काढून द्या," ते म्हणाले. "काढू कुठून? वाटलेल्यातून?"

मी म्हणाले, "मी काढून द्या म्हटलंच नव्हतं. आहेत का, एवढंच विचारलं होतं. आहेत म्हणाले असते तर आम्ही तिला साधं वरण दिलं असतं आणि सगळे मजेत जेवलो असतो."

ते गप्प झाले. मग त्यांनी त्या पोराला जेवणावरून उठवलं. मला ते आवडलं नाही, पण थांबवलंही नाही. पोरगा हात न धुताच आला, बोटांना भात लागलेला. कामाला लागून त्याला तेव्हा तीन आठवडे झाले होते. तो गल्ल्यापर्यंत गेला, तिथं कॅप्टन, म्हणजे वेटरांचा मुख्य, बिलं काढत होता, त्याला विचारलं आणि त्यानं मान वर न करता सांगितलं, काजू-मगज सांग. कॅप्टनच्या डोक्यात पनीरचं टेबल असणार. "तू आत का नाही विचारलंस?" मालकांनी विचारलं. पोरगा म्हणाला, "गर्दीच्या वेळी आत विचारायला गेलं की आचारी ओरडतो. आणि गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही, असं तुम्हीच सांगितलंय."

गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायचं नाही असं शिकवलेल्या पोरानं मला नेमकं 'नाही'च सांगितलं होतं. मालकांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्यांनी त्याला "जा, जेव" एवढंच म्हटलं.

बाहेर येऊन चहा झाला. सेवा शुल्काबद्दल ते मनापासून कुरकुरले. पोरांनाच वाटतो म्हणाले. खरं असेल, नसेलही, त्यांच्यासमोर पोरांना विचारणं बरं दिसलं नसतं. मी म्हणाले, मग भाजीचे दर वाढवा, ते तुम्हाला कोण अडवतंय? "दर वाढवले की तुम्ही शेजारी जाता ताई. खालची ओळ कोणी वाचत नाही." इतकं प्रामाणिक उत्तर त्या सगळ्या प्रकरणात मला दुसरं मिळालं नाही.

मेनूकार्डाचाही विषय काढला. २०२० च्या नियमांप्रमाणे केंद्रीय परवान्याच्या किंवा दहा आणि त्याहून जास्त ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांना पदार्थांतल्या ॲलर्जीच्या गोष्टी गिऱ्हाइकाला कळतील अशा द्याव्या लागतात. गहू, दूध, अंडी, मासे, सोयाबीन, आणि दाणेही त्या यादीत आहेत. यांचं एकच हॉटेल, त्यांना ते बंधन नाही. ते म्हणाले, लाल ग्रेव्हीच्या भाज्यांपुढे एक खूण करून घेतो. केली की नाही ठाऊक नाही. मी परत गेलेले नाही. नाव न लिहिण्याचं कारण हे. पैसे मिळाले, भटारखाना दाखवला, आता चौकात उभं करण्यासारखं माझ्याजवळ काही उरलं नाही. दादाला अजून एक स्टार द्यायचाय. मी म्हटलं दे, पण मग पाण्याच्या बाटलीचंही लिही.

मागच्या रविवारी आम्ही वेगळ्याच ठिकाणी जेवायला गेलो होतो. भाचीनं मेनूकार्ड मिटलं, वेटरकडे बघितलं आणि विचारलं, "काका, तुमची लाल ग्रेव्ही सकाळीच करून ठेवतात ना? त्यात काय काय वाटतात?" वेटर माझ्याकडे बघायला लागला. मी पाण्याचा पेला उचलला.

"आत विचारून येतो," तो म्हणाला. वहिनीनं घड्याळ बघितलं. चार मिनिटं लागली त्याला.

"कूट आहे, बाळा," परत येऊन तो म्हणाला. "तू पिवळी डाळ खा."

तिनं पिवळी डाळ खाल्ली.